आर्ट्‌स करून काय होणार? : कॉलेजची वाट आणि आपला समाज

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या मोहल्ल्यांतून एक प्रश्न हमखास ऐकू येतो. मुलाने किंवा मुलीने आर्ट्‌सला जायचे नाव काढले की अब्बा, मामू, चाचा आणि शेजारचे हाजीसाहेब सगळे एका सुरात विचारतात, ‘‘आर्ट्‌स करून काय होणार?’’ आयटीआय केले तर हाताला कसब येते, डी. फार्म. केले तर दुकान टाकता येते, कॉमर्सवाला निदान हिशेब लिहील. पण इतिहास, भाषा, राज्यशास्त्र शिकून पोट कसे भरणार, असा त्या प्रश्नाचा अर्थ असतो. हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. एका कमाईवर सात-आठ तोंडे चालवणाऱ्या माणसाला तो विचारण्याचा पूर्ण हक्क आहे. मात्र त्याचे उत्तर अंदाजाने देऊ नये, असे आम्हाला वाटते. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. तेव्हापासून आर्ट्‌स कॉलेजचा दरवाजा आपल्या मुलांसाठी केव्हा उघडला, कोणामुळे उघडला, आत गेलेल्यांना काय मिळाले आणि बाहेर राहिलेले का बाहेर राहिले, हा इतिहास नीट पाहिला तर उत्तर बऱ्याच अंशी सापडते.

सुरुवात एका आकड्यापासून करू. १८८२ साली हिंदुस्थान सरकारने विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला. या आयोगापुढे आलेल्या माहितीनुसार १८८१-८२ मध्ये मुंबई इलाख्यातल्या इंग्रजी शिक्षण देणाऱ्या कॉलेजांत एकूण ४७५ विद्यार्थी होते आणि त्यांत मुसलमान होते फक्त ७. म्हणजे शंभरात दीडसुद्धा नाही. हा इलाखा तेव्हा सिंधपासून कर्नाटकापर्यंत पसरलेला होता. एवढ्या मोठ्या मुलखातून सात मुले! त्या काळापासून आजपर्यंत याचे एक सोपे स्पष्टीकरण दिले जाते की, मुसलमानांना इंग्रजी शिक्षणाचा तिटकारा होता, मौलवींनी फतवे काढले होते, म्हणून ते मागे राहिले. परंतु त्याच आयोगाच्या तक्त्यात दुसरेही आकडे आहेत. वायव्य प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशाच्या भागात, कॉलेजच्या २२३ विद्यार्थ्यांत २९ मुसलमान होते. पंजाबात १०३ मध्ये १३ होते. दीन तोच, कुराण तेच, आणि तिकडे शंभरात बारा-तेरा मुले कॉलेजात बसलेली. मग इकडे दीड का? अडसर केवळ धर्माचा असता तर तो सगळीकडे सारखाच लागला असता. इकडच्या मुलाची परिस्थितीच वेगळी होती, हे मान्य केल्याशिवाय या आकड्यांचा अर्थ लागत नाही.

ती परिस्थिती काय होती? पहिली गोष्ट भाषेची. कोकणातला मुसलमान घरात कोकणी-मराठी बोले, घाटावरचा दखनी बोले, मुंबईतला खोजा, बोहरा, मेमण गुजराती-कच्छी बोले. मदरशात अरबी, पत्रव्यवहारात फारसी-उर्दू, गावच्या शाळेत मराठी आणि कॉलेजात इंग्रजी. म्हणजे मॅट्रिकच्या उंबऱ्यापर्यंत पोचायलाच आपल्या मुलाला चार भाषांचे ओझे उचलावे लागे. दुसरी गोष्ट अंतराची. एलफिन्स्टन, विल्सन, सेंट झेवियर्स मुंबईत आणि डेक्कन कॉलेज पुण्यात. रत्नागिरीच्या खाडीकाठच्या किंवा सोलापूरच्या विणकराच्या मुलाने तिथे जाऊन राहायचे कुठे आणि खायचे काय? तिसरी गोष्ट फीची. या तिन्ही गोष्टी हंटर आयोगाने ओळखल्या होत्या, हे त्याच्या शिफारशींवरून दिसते. मुसलमान मुलांसाठी शिष्यवृत्त्यांची चढती मालिका ठेवावी, काही जागा बिनफीच्या असाव्यात, प्राथमिक आणि मिडल शाळांत हिंदुस्थानी माध्यम असावे, पण जिथल्या मुसलमानांना दुसरी भाषा हवी असेल तिथे ती द्यावी, असे आयोगाने सुचवले. शेवटचा मुद्दा आपण मराठी मुसलमानांनी विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. आपल्या भाषेचा प्रश्न वेगळा असू शकतो, हे १८८२ सालच्या सरकारी आयोगालाही कळले होते.

त्या काळात जे थोडे लोक आत गेले त्यांचे काय झाले? बद्रुद्दीन तय्यबजी आधी मदरशात उर्दू-फारसी शिकले, नंतर एलफिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये गेले आणि १८६० साली वयाच्या सोळाव्या वर्षी विलायतेला रवाना झाले. १८६७ मध्ये ते बॅरिस्टर होऊन परतले. मुंबई हायकोर्टात वकिली करणारे ते पहिले हिंदी बॅरिस्टर. पुढे १८८७ साली मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले आणि १८९५ मध्ये हायकोर्टाचे न्यायाधीश. रहिमतुल्ला सयानी यांची हकिकत तर पूर्णपणे इथल्याच कॉलेजातली आहे. ते एलफिन्स्टनचे विद्यार्थी. त्यांनी १८६८ साली एम.ए. केले. ही पदवी मिळवणारे ते पहिले मुसलमान मानले जातात. त्यानंतर १८७० मध्ये एलएल.बी., पुढे मुंबईचे शेरीफ, नगरपालिकेचे अध्यक्ष आणि १८९६ मध्ये कलकत्त्याच्या काँग्रेसचे अध्यक्ष. त्या अधिवेशनात त्यांनी मुसलमानांच्या मनातल्या काँग्रेसविषयीच्या शंका एकेक करून मांडल्या आणि एकेकीला उत्तर दिले. समोरच्याचे म्हणणे आधी पुरते ऐकून मग त्याचा मुद्देसूद प्रतिवाद करायचा, ही सवय कॉलेजातल्या इतिहास-तर्कशास्त्राच्या अभ्यासाने लागते. त्या काळी बी.ए., एम.ए. करून वकिली करता येत होती, कौन्सिलात बसता येत होते, शहराचा कारभार पाहता येत होता. थोडक्यात, राज्यकर्त्यांशी त्यांच्या भाषेत, बरोबरीने बोलता येत होते.

इथे एक गोष्ट मात्र दडवून चालणार नाही. तय्यबजी आणि सयानी दोघेही मुंबई बंदराच्या व्यापारी दुनियेतले. त्यांना वसतिगृह शोधावे लागले नाही. आपल्याला जे मिळाले ते बाकीच्यांना सहज मिळणारे नाही, हे तय्यबजींना कळत होते. म्हणूनच १८७४ साली अंजुमन-इ-इस्लाम उभी राहिली. त्या कामात बद्रुद्दीन आणि त्यांचे वडीलभाऊ कमरुद्दीन यांच्याबरोबर नाखुदा मोहम्मद अली रोगे हे कोकणी मुसलमान पुढारीही होते. कॉलेजची भाषा करण्याआधी मॅट्रिकपर्यंत नेणारी शाळा हवी, हे त्यांनी ओळखले. बोरीबंदर स्टेशनासमोरची अंजुमनची इमारत १८९३ साली उघडली आणि तिच्यातून पुढच्या कितीतरी पिढ्यांनी कॉलेजची पायरी गाठली.

मुंबईबाहेरच्या मुलाला पहिला आधार दिला तो कोल्हापूरने. राजर्षी शाहू महाराजांनी एक साधी गोष्ट हेरली होती की, गरीब खेडूत मुलाला फी माफ करून भागत नाही, त्याला शहरात भाकरी आणि अंथरूण लागते. १९०१ पासून त्यांनी एकेका समाजासाठी बोर्डिंगे काढायला सुरुवात केली आणि १९०६ साली मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले. मोहामेडन एज्युकेशन सोसायटीचे अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडे घेतले. कोल्हापूरला राजाराम कॉलेज आधीपासून होते. पण बोर्डिंग झाले तेव्हा ते कॉलेज खेड्यातल्या मुसलमान मुलाच्या आवाक्यात आले. कॉलेजच्या इमारतीपेक्षा शेजारचे वसतिगृह अधिक मुले शिकवून जाते, हा कोल्हापूरचा धडा आपण पुढे बरेचदा विसरलो.

आता जोगेश्वरीकडे वळू, कारण आपल्या प्रश्नाचा गाभा तिथे आहे. सर मोहम्मद युसुफ हे किनाऱ्यावरच्या बोटींच्या धंद्यातले मोठे नाव. ज्या बोटींतून आपले कोकणातले वाडवडील मुंबईला आले, त्या व्यवसायातले हे घराणे. या गृहस्थांनी दोन दाने केली आणि त्या दोन दानांकडे एकत्र पाहिले पाहिजे. १९१० साली त्यांनी न्हाव्याला खलाशी तयार करणारी शाळा काढली. ‘ट्रेनिंग शिप रहमान’ या नावाने ती प्रसिद्ध आहे. समुद्रावर पोट भरणाऱ्या समाजाच्या मुलाने जहाजावर जावे, पण शिकून जावे, असा तिचा हेतू. चारच वर्षांनी, १९१४ मध्ये, त्यांनी सरकारला आठ लाख रुपये दिले ते मुसलमान मुलांच्या उच्च शिक्षणासाठी. त्या काळचे आठ लाख! आज आपल्यात जो वाद चालतो की मुलाला हुन्नर शिकवावा की पदवी, तो या व्यापाऱ्याच्या मनात दिसत नाही. त्याला दोन्ही हवे होते. जहाज चालवणारे हात हवे होते आणि जहाजाचा कायदा वाचणारे, करार लिहिणारे, सरकार दरबारी बोलणारे डोकेही हवे होते.

दान १९१४ चे, पण कॉलेज उघडले १९३० साली. मधली सोळा वर्षे गेली. सोळा वर्षे म्हणजे मुलांची एक अख्खी पिढी. दान देणे आणि दानाचा उपयोग होणे यांत केवढे अंतर पडू शकते, हे वक्फच्या जमिनी आणि जमातींच्या ठेवी सांभाळणाऱ्या आपल्या मंडळींनी या उदाहरणावरून ध्यानात घ्यावे.

कॉलेजला दात्याच्या वडिलांचे नाव मिळाले, इस्माईल युसुफ कॉलेज. ते चालवले सरकारने. जोगेश्वरी तेव्हा मुंबई शहराच्या हद्दीबाहेर होती. टेकडी, झाडी, खाली रेल्वे. नशिबाने १९२८ च्या जानेवारीत कुलाब्यापासून बोरिवलीपर्यंत विजेची लोकल सुरू झाली होती. त्यामुळे शहरातला मुलगा लोकलने येई आणि गावाकडचा वसतिगृहात राही. शिकवायला माणसेही मोलाची मिळाली. अरबीला डॉ. उमर दाऊदपोता होते. सिंधमधल्या गरीब घरातून आलेले, मुंबई विद्यापीठाचे एम.ए., केंब्रिजचे डॉक्टरेट आणि पुढे सिंधच्या शिक्षण खात्याचे प्रमुख. उर्दूला नजीब अशरफ नदवी होते, ज्यांनी पुढे अंजुमनच्या उर्दू संशोधन संस्थेचे काम नावारूपाला आणले. दाऊदपोतांसारखा माणूस वर्गात उभा राहिला की गरिबाच्या मुलाला वेगळा उपदेश करावा लागत नसे. अरबी कविता शिकलेला खेडूत कुठवर जाऊ शकतो, याचा पुरावाच समोर उभा असे.

आणि त्या काळी पदवीपुढे नोकरीही होती. ४ जुलै १९३४ च्या ठरावाने हिंदुस्थान सरकारने आपल्या नोकऱ्यांतल्या थेट भरतीच्या शेकडा २५ जागा मुसलमानांसाठी राखल्या. म्हणजे १९३० साली कॉलेजात पाऊल टाकणारा मुलगा पदवी घेऊन बाहेर पडतो तोच समोर सरकारी कचेरीचा दरवाजा उघडा. ‘आर्ट्‌स करून काय होणार’ हा प्रश्न तेव्हा कोणी विचारत नव्हते. उत्तर ठरलेले होते, ‘साहेब होणार.’ आपल्या समाजात बी.ए.ची प्रतिष्ठा तयार झाली ती या दिवसांत. पण तिच्यातच एक दुखणेही होते. पदवी म्हणजे नोकरीचे तिकीट, एवढाच अर्थ मनात रुजला. तिकीट चालेनासे झाले की प्रवासच नको, ही पुढची वृत्ती त्यातूनच आली.

तिकीट चालेनासे झालेच. १९४७ साली फाळणी झाली. मुंबईतली शिकलेली, सधन, बोलकी अशी कितीतरी घरे कराचीला गेली. जी कुटुंबे आपल्या मुलांना कॉलेजात पाठवत आणि दुसऱ्यांच्या मुलांना फी देत, त्यांतली बरीच त्यात होती. मागे राहिला तो शेतकरी, खलाशी, विणकर, कारागीर, छोटा दुकानदार. म्हणजे मराठी बोलणारा आपला खरा समाज. राखीव जागा संपल्या. ज्यांच्या घरात अजून कोणी कॉलेजचे तोंड पाहिलेले नव्हते, त्यांच्या वाट्याला हा काळ आला. म्हणून स्वातंत्र्यानंतरच्या पिढीच्या मागासलेपणाची तुलना करताना ती शून्यातून नव्हे, शून्याच्याही खालून निघाली होती, हे विसरू नये.

तरीही टेकडी ओसाड पडली नाही. कॉलेज सरकारी, सर्वांना खुले, फी थोडी. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई मॅट्रिक झाल्यावर काही काळ इथे आणि पुढे रुपारेल कॉलेजात होते. पदवीपर्यंत ते पोचले नाहीत. त्यांच्या मतांशी आपल्यातल्या अनेकांचे कधी जमले नाही आणि आजही जमत नाही. परंतु मराठी कथेत मुसलमान घर, अंगण आणि बोली आणणारा हा लेखक, हे कोणालाच नाकारता येत नाही. दुसरे नाव कादर खान यांचे. इस्माईल युसुफचे विद्यार्थी, नंतर स्थापत्य अभियांत्रिकी शिकून भायखळ्याच्या साबू सिद्दीक कॉलेजात शिकवणारे प्राध्यापक आणि अखेर हिंदी चित्रपटांचे संवादलेखक व नट. हुन्नर आणि साहित्य ही दोन्ही त्यांच्याकडे होती. सगळेच कॉलेजातून घडतात असेही नाही. बार्शीच्या अमर शेखांना कुठल्या कॉलेजने शाहीर केले? गुणवत्तेचा मक्ता कॉलेजकडे नसतो. फक्त अमर शेख शतकात एखादा होतो. बाकीच्या हजारोंना चार पुस्तके, दोन चांगले शिक्षक आणि आपल्यासारखेच वाचणारे सोबती लागतात, ते कॉलेजात भेटतात.

हे ओळखून स्वातंत्र्यानंतर ज्यांनी पुन्हा कॉलेजे काढायला घेतली त्यांत डॉ. रफीक झकेरिया यांचे नाव अग्रभागी आहे. नालासोपाऱ्याचा कोकणी मुसलमान घरातला हा मुलगा मुंबई विद्यापीठाच्या एम.ए.ला सुवर्णपदक मिळवून लंडनला गेला, डॉक्टरेट घेऊन आला आणि पुढे राज्याचा मंत्री झाला. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, इथे त्यांनी १९६३ साली मौलाना आझाद कॉलेज सुरू केले आणि १९६८ मध्ये मुंबई सेंट्रलजवळ महाराष्ट्र कॉलेज. पुण्यात १९४८ पासून काम करणाऱ्या आझम कॅम्पसमध्ये १९९१ साली मुलींसाठी आबेदा इनामदार कॉलेज निघाले. मुलीला घराजवळ, विश्वासाच्या आवारात कॉलेज मिळाले की बापाचा विरोध आपोआप मावळतो, असा आपल्या शहरांचा अनुभव आहे.

औरंगाबादचाच विषय निघाला आहे तर शेजारच्या एका कॉलेजकडेही पाहू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली तिथे जे कॉलेज काढले ते पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. खेड्यापाड्यांतली दलित मुले तिथे वसतिगृहात राहिली, मराठी-इंग्रजी शिकली आणि बी.ए. झाली. त्यांतून प्राध्यापक, अधिकारी, वकील तर निघालेच. पण ‘अस्मितादर्श’सारखे नियतकालिक आणि दलित साहित्याची एक मोठी धाराही त्याच परिसरातून वाहिली. आर्ट्‌सच्या पदवीने त्या समाजाला आपले दुःख आपल्या शब्दांत मांडण्याची ताकद दिली. मुस्लिम मराठी साहित्याची चळवळ ज्यांनी खांद्यावर घेतली त्यांतही सोलापूरच्या संगमेश्वर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवणारे फकरुद्दीन बेन्नूर यांच्यासारखे प्राध्यापक होते. संतसाहित्याचे अभ्यासक डॉ. यू. म. पठाण मराठवाडा विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक झाले आणि १९९० साली पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षही झाले. ही माणसे आर्ट्‌सला गेली नसती तर आज आपण ज्या पानांवर एकमेकांशी बोलतो आहोत ती पाने तरी असती का?

मग बी.ए.ची किंमत उतरली ती कशामुळे? १९७३ नंतर तेलाच्या किमती भडकल्या, आखातात कामे निघाली आणि आपल्या कोकणातल्या घराघरांतून माणसे तिकडे गेली. वेल्डर, फिटर, ड्रायव्हर वर्षभरात घर बांधू लागला आणि बी.ए. झालेला चुलतभाऊ मुंबईत टंकलेखनाच्या परीक्षा देत राहिला. डोळ्यांना दिसणारा हा हिशेब कोणीही करील. त्या पैशाने गावे उभी केली, मशिदी-मदरशांबरोबर शाळाही उभ्या केल्या. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. मात्र त्या तीस-चाळीस वर्षांत देशातल्या निर्णयाच्या जागा दुसऱ्यांनी भरल्या. २००६ साली सच्चर समितीचा अहवाल आला तेव्हा हे कागदावर दिसले. देशाच्या लोकसंख्येत मुसलमान शेकडा १३.४, पण आयएएसमध्ये ३, आयपीएसमध्ये ४ आणि परराष्ट्र सेवेत २ टक्केसुद्धा नाहीत. नामांकित कॉलेजांत पदवीच्या पंचवीस विद्यार्थ्यांमागे एक आणि पदव्युत्तर वर्गांत पन्नासांमागे एक. १८८२ च्या सात मुलांपासून आपण पुढे आलो खरे. पण किती पुढे, ते यावरून ठरवावे.

आता आजचा विचार करू. आर्ट्‌सच्या पदवीने कोणते दरवाजे उघडतात? एमपीएससी आणि यूपीएससी या परीक्षांना कोणत्याही शाखेची पदवी चालते. त्यांच्या अभ्यासक्रमात इतिहास, भूगोल, राज्यघटना, अर्थव्यवस्था आणि समाज हे विषय मोठ्या प्रमाणावर आहेत, म्हणजे आर्ट्‌सचेच विषय. यूपीएससीची मुख्य परीक्षा मराठीत किंवा उर्दूत लिहिता येते आणि दोन्हींचे साहित्य वैकल्पिक विषय म्हणून घेता येते. एमपीएससीनेही राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक केली आहे. म्हणजे आता खुणा करून भागणार नाही, लिहावे लागेल. पदवीनंतर तीन वर्षांत वकील होता येते. आपल्या समाजाला जामीन, जमीन, वक्फ, तलाक-पोटगी, जातीचे दाखले या कामांसाठी विश्वासू वकिलाची किती गरज आहे हे सांगायला नको. बी.एड. करून शिक्षक, नेट-सेट करून प्राध्यापक, त्याशिवाय समाजकार्य, पत्रकारिता, ग्रंथपालन आणि अनुवाद या वाटाही आहेतच.

एक वाट मात्र खास आपली आहे आणि तिकडे आपण पाठ फिरवली आहे. मराठ्यांच्या इतिहासाची साधने मोडीत आहेत तशी फारसीतही आहेत. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात ग. ह. खरे यांनी फारसी कागद वाचून छापले, सेतुमाधवराव पगडींनी फारसी साधने मराठीत आणली. मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या अरबी, फारसी, उर्दू हस्तलिखितांची सूची १९३५ साली प्रसिद्ध झाली ती प्रा. शेख अब्दुल कादिर सरफराज यांची. म्हणजे हे काम हिंदू विद्वानांनी केले, मुसलमान विद्वानांनीही केले. आज उर्दूची लिपी लहानपणीच शिकलेला, घरी दखनी आणि शाळेत मराठी बोलणारा आपला मुलगा मोडी आणि फारसी शिकला तर या कामात त्याच्याइतका तयार दुसरा कोण असेल? १८८२ साली चार भाषा हे ओझे होते. आज तेच भांडवल होऊ शकते. इनामांच्या सनदा, दर्ग्यांची कागदपत्रे, वतनांचे दाखले वाचणाऱ्या माणसाची गरज कोर्टालाही पडते आणि संशोधकालाही.

एक विरोधाभासही पाहण्यासारखा आहे. आपण ज्या विषयांना ‘काही उपयोगाचे नाहीत’ म्हणून नाकारतो, तेच विषय ‘लिबरल आर्ट्‌स’ या नावाने नव्या खासगी विद्यापीठांत लाखांच्या फीने शिकवले जातात. पुण्यात सिंबायोसिसने अशी संस्था २०११ साली सुरू केली. तिथे पैसेवाल्यांची मुले तत्त्वज्ञानाबरोबर अर्थशास्त्र, इतिहासाबरोबर संख्याशास्त्र शिकतात. कारखान्याच्या मालकाला आपल्या मुलाने ललित आणि सामाजिक विषय शिकावेत असे वाटते आणि त्याच कारखान्यातल्या कामगाराला वाटते की हे विषय फुकट. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मुख्य विषयाबरोबर दुसऱ्या शाखेचा विषय घेण्याची मोकळीक साध्या कॉलेजांतही आणली आहे. मराठी साहित्याबरोबर संगणक, इतिहासाबरोबर पर्यटन, मानसशास्त्राबरोबर सांख्यिकी घेता येणे शक्य झाले आहे. कुठल्या कॉलेजात काय मिळते याची चौकशी प्रवेशाआधी करावी लागते, एवढेच.

परंतु नुसती पदवी पुरत नाही, हेही इतिहासच सांगतो. तय्यबजींच्या पाठीशी घर होते. कोल्हापूरच्या मुलाच्या पाठीशी बोर्डिंग होते. जोगेश्वरीच्या मुलाच्या पाठीशी वसतिगृह, चांगले शिक्षक आणि १९३४ चा ठराव होता. आजच्या मुलाच्या पाठीशी काय आहे? संशोधन करणाऱ्या अल्पसंख्याक मुलांसाठी २००९ साली सुरू झालेली मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप २०२२ मध्ये बंद झाली. महाराष्ट्रात २०१४ साली अध्यादेशाने दिलेले पाच टक्के आरक्षण त्याच वर्षी अध्यादेशाबरोबर संपले. जे उरले आहे ते तरी आपण वापरतो का? मोमीन, तांबोळी, पिंजारी अशा कितीतरी बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. त्यांच्या मुलांना दाखला असेल तर फीची सवलत आहे आणि ‘महाज्योती’ या २०१९ साली स्थापन झालेल्या संस्थेच्या स्पर्धा परीक्षा व संशोधनाच्या योजनाही आहेत. पण दाखला काढायला आजोबांचा शाळा सोडल्याचा उतारा लागतो आणि तो बारावीच्या निकालानंतर धावपळ करून मिळत नाही. आठवीतच शोधायला घ्यावा लागतो.

म्हणून जमातींना, अंजुमनांना आणि आखातात कमावणाऱ्या आपल्या भावांना आमची विनंती आहे. प्रत्येक तालुक्याला नवे कॉलेज काढायला जाऊ नका. कॉलेजे आहेत. जिल्ह्याच्या गावी वीस मुलांचे आणि वीस मुलींचे वसतिगृह काढा, त्यात एक अभ्यासिका ठेवा आणि तिथे रोज संध्याकाळी दोन तास बसणारा एक जाणकार माणूस ठेवा. कोणता अर्ज केव्हा भरायचा, कोणत्या परीक्षेला काय लागते, हे त्याने सांगावे. मुलांना मराठी शुद्ध लिहायला आणि इंग्रजी न घाबरता वाचायला शिकवावे. वस्तीतल्या निवृत्त शिक्षकाला हे काम देता येईल. एका शादीच्या मांडवावर आणि जेवणावळीवर जेवढा खर्च होतो तेवढ्यात असे घर वर्षभर चालू शकते.

आणि आर्ट्‌सला जाणाऱ्या मुलामुलींनाही दोन शब्द. पदवीला तिकीट समजू नका. तीन-चार वर्षांत एक भाषा अशी शिका की तिच्यात न अडखळता लिहिता येईल, एक विषय असा शिका की त्यावर कोणी प्रश्न विचारला तर पुस्तक न उघडता उत्तर देता येईल आणि एखादे हाताचे कौशल्य, मग ते संगणकाचे असो की मोडी वाचण्याचे, सोबत ठेवा. सर मोहम्मद युसुफ यांनी न्हाव्याची शाळा आणि जोगेश्वरीचे कॉलेज अशी दोन दाने दिली ती दोन वेगळ्या मुलांसाठी असतील. पण आजच्या एका मुलाला दोन्हींचा वारसा घेता येतो. यंदाच्या प्रवेशाच्या वेळी घरातल्या वडीलधाऱ्यांनी एवढे जरूर करावे. मुलीला किंवा मुलाला नकार देण्याआधी तिला कोणता विषय घ्यायचा आहे, तो कोण शिकवतो आणि जवळ वसतिगृह कुठे आहे, या तीन गोष्टींची चौकशी स्वतः कॉलेजात जाऊन करावी.